कुलाबा येईपर्यंत उठायचं नाही

बाबा, आज दुपारी मी ऑफिसात दोन तास एका सीटवर नुसती बसून होते. हातात फोन नाही, समोर कागद नाही, चार माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत आणि मी आपली बसलेय. तुम्ही असतात तर खूश झाला असतात. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्या फोटोला हार घातला, तुमच्या नावाने काळ्या वाटाण्याची उसळ केली, पण पत्र लिहायला काही बसले नाही. आजचं मात्र तुम्हालाच सांगायला हवं. आईला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "दोन तास बसलंस? बरा झाला, तेवढीच विश्रांती." आता हिला काय सांगायचं!

तर झालं असं. मी ज्या कंपनीची विमानं उडवते ती स्वस्त तिकिटांची, तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही तिला लाल डब्याची बहीण म्हणायचात. त्या विमानांत आता नव्या सीट्स बसवायच्या आहेत, आणखी पातळ, आणखी हलक्या. निवड करायला समिती नेमली, तीत वैमानिकांच्या वतीने एक कॅप्टन हवी म्हणून मला घेतलं. माझी सही झाली की सीट्स पास. ऑफिस आपल्या परळलाच, काचेच्या टॉवरमध्ये, जिथे पूर्वी गिरणी होती. वर अकराव्या मजल्यावर नमुन्याची तीन सीटांची रांग आणून ठेवलेली, आणि भिंतीवर तिचे रंगीत फोटो. फोटो दाखवून झाल्यावर माझ्यापुढे कागद आला, पेन आलं, आणि मला एकदम तुमचं वर्कशॉप आठवलं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तुम्ही मला कधीकधी बसच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जायचात. लांबलचक पत्र्याची शेड, एका बाजूला उघड्याबोडक्या बसेस, दुसऱ्या बाजूला तुमचं टेबल. टेबलावर हिरवं रेक्झिन, काथ्या, फोमचे तुकडे, वाकडी सुई आणि मेणाचा गोळा. तुम्ही सीट शिवून खाली ठेवलीत. मी मोठ्या रुबाबात तिच्यावर हात दाबला आणि म्हटलं, "मस्त झालीय." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "हातान बघतंस? प्रवासी काय हातार बसता?" असे डाफरलात की शेजारचा सुतार करवत थांबवून बघायला लागला. मग मला त्या सीटवर बसवलंत. "बस. कुलाबा येयपर्यंत उठाचा नाय."

आणि मी बसले. तुम्ही पुढची सीट शिवायला घेतलीत आणि मधूनमधून मान वर न करता स्टॉप पुकारत राहिलात. लालबाग इला. भायखळा इला. मला वाटलं गंमत चाललीय, पण क्रॉफर्ड मार्केटपर्यंत माझ्या मांडीखाली मुंग्या यायला लागल्या, आणि फोर्टला मी रडकुंडीला आले. कुलाबा झाल्यावर तुम्ही विचारलंत, "खय दुखता?" मी गुडघ्यामागे बोट लावलं. तुम्ही सीट उचललीत, पुढच्या कडेचे टाके सर्रकन उसवलेत, काथ्या काढून कड अर्धा इंच उतरती केलीत आणि परत शिवलीत. एक अख्खी सीट, एका पोरीच्या मुंग्यांसाठी! शेवटी खालच्या बाजूला लाल दोऱ्याचे दोन तिरके टाके घातलेत. ती तुमची खूण. कुणाला दिसणार ती तिथे, असं मी विचारलं, तर म्हणालात, शिव्या कुणाला घालायच्या ते लोकांना कळायला नको?

पुढे बारावी झाल्यावर मी विमान उडवायचं खूळ डोक्यात घेतलं. चाळीत हसू झालं. आपल्या दोन खोल्यांत आई आठ दिवस भांडी जरा जास्तच आपटत होती. पैशांचं कसं जमलं ते तुम्हाला माहीत आणि मला माहीत, ते इथे लिहीत नाही. पण शाळा कुठली, यावरून आपण जे भांडलो ते लिहिलंच पाहिजे, कारण माझी बाजू चुकीची होती आणि आवाज माझाच मोठा होता.

दादरला एका हॉलमध्ये एजंट लोकांनी सेमिनार ठेवलं होतं. टाय लावलेला माणूस, थंडगार एसी, आणि अमेरिकेतल्या एका फ्लाइंग स्कूलचं गुळगुळीत पुस्तक. पोहण्याचा तलाव काय, पांढरीशुभ्र विमानं काय! मी तिथेच अमेरिकेला पोचले होते. दुसऱ्या एका शाळेचा, दक्षिण आफ्रिकेतल्या, साधा चार पानी कागद होता, फोटोही धड आलेले नाहीत. घरी येऊन तुम्ही दोन्ही शाळा जमिनीवर मांडल्यात आणि जेवण होईपर्यंत बघत बसलात. काय बघत होतात, तर विमानाच्या आतल्या सीटा! अमेरिकेच्या फोटोवर बोट ठेवलंत, "ह्या सीटवर कोण बसलाच नाय अजून." मग त्या फिकट फोटोवर, जिथे सीटच्या डाव्या कडेला नीट शिवलेलं ठिगळ दिसत होतं. "हय बघ. रोज कोणतरी बसता, आणि फाटला काय कोणतरी शिवता."

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बसच्या सीटा शिवता. विमानातलं तुम्हाला काय कळतं?" आई पोळी लाटायची थांबली. तुम्ही चिडला नाहीत. चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त म्हणालात, "बूड सगळ्यांचा सारखाच असता गो," आणि हात धुवायला उठलात.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन नायगावच्या फोन बूथवर गेलात. तुमचा एकच प्रश्न होता, आणि तो मी इंग्रजीत विचारायचा होता: "माझी मुलगी पाच फुटांची आहे. तुमच्या विमानाच्या सीटच्या पुढच्या कडेपासून पायाच्या पेडलपर्यंत किती इंच?" लाजेने मला बूथच्या काचेत विरघळून जावंसं वाटत होतं. अमेरिकेच्या शाळेचा मुंबईतला माणूस हसला आणि म्हणाला, मॅडम, आमच्याकडे सगळं वर्ल्ड क्लास आहे, काळजीच करू नका. आफ्रिकेत फोन लागला तर उचलणाऱ्या बाईने तो थेट हँगरमध्ये मेकॅनिकला दिला. त्या म्हाताऱ्या आवाजाने प्रश्न दोनदा ऐकून घेतला आणि म्हटलं, थांब. रिसीव्हर ठेवल्याचा आवाज आला. मग नुसती शांतता. मीटर पळतंय, मी तुमच्याकडे बघतेय, आणि तुमच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू येतंय. "मोजूक गेलो तो," तुम्ही म्हणालात. "हयच जा." तो इंच घेऊन परत येण्याआधीच तुमची शाळा ठरली होती.

त्या इंचांवरून तुम्ही मला उशी शिवून दिलीत. बसच्याच हिरव्या रेक्झिनची, मागे जाड, पुढे उतरती, बाजूला चेन, आणि तळाला लाल टाके. मी ती बॅगेच्या तळाशी लपवून नेली, कुणी बघू नये म्हणून. पहिल्या दिवशी विमानात बसले तर समोर आकाश दिसायच्या ऐवजी डॅशबोर्डच दिसला, आणि पाय पेडलला जेमतेम बोटांनी लागले. दुसऱ्या दिवशी उशी घेऊन गेले. सगळं जागच्या जागी! तो म्हातारा मेकॅनिक उशी उलटीपालटी करून बघत राहिला आणि त्याने विचारलं, ही कुणी शिवली? माझ्या बापाने, म्हटलं. त्याने उशी दोन्ही हातांनी परत दिली. त्या क्षणी बाबा, मला तुमचा इतका अभिमान वाटला, की मी ते पत्रात लिहायचं ठरवलं, आणि मग लिहिलं नाही. अमेरिकेच्या त्या शाळेत आपल्या सेमिनारमधली दादरची एक मुलगी गेली होती. तिथे विमानं होती, दुरुस्त करायला माणसं नव्हती. बिचारी महिनोन् महिने त्या पोहण्याच्या तलावाकाठी उडायची वाट बघत बसली, आणि शेवटी परत येऊन तिने दुसरीकडे पहिल्यापासून सुरुवात केली. मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही "अरेरे" एवढंच म्हणालात. "मी सांगलंलंय" असं एकदाही म्हणाला नाहीत. मी असते तर वर्षभर म्हटलं असतं!

नोकरी लागल्यावर तुम्ही एकदाच माझ्या विमानात बसलात. मुंबई ते गोवा, तिथून गाडीने गाव. मी पुढे को-पायलट, तुम्ही सगळ्यात मागच्या रांगेत, जिथली पाठ मागे जात नाही. तुमच्या शेजारी एक म्हातारी होती, तिचे पाय खाली टेकत नव्हते. विमान वर गेल्यावर तुम्ही आपली रेक्झिनची पिशवी तिच्या पायांखाली सरकवलीत. हे मला केबिन क्रूच्या मुलीने नंतर सांगितलं, डोळ्यांत पाणी आणून. उतरल्यावर मी धावत आले, लँडिंग कसं झालं विचारायला. "लँडिंग बरा झाला," तुम्ही म्हणालात, "पण तुमच्या सीटची कड मांडयेक कापता. सांग कोणाक तरी." मी हसले. आमच्या ग्रुपमध्ये तो किस्सा वर्षभर चालला, बापाने लेकीच्या पहिल्या विमानात काय बघितलं तर सीट! सांगितलं मात्र कुणालाच नाही. त्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

म्हणून आज पेन बाजूला ठेवलं आणि म्हटलं, मी आधी बसते. किती वेळ, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपली दिल्लीची फ्लाइट असते तितका वेळ. सगळे हसले. मी बूट काढले नाहीत, पाठीमागे उशी घेतली नाही, प्रवासी बसतो तशी बसले. चहा आला, गेला. त्यांनी इतर विषय काढले. मी मनात स्टॉप पुकारत होते. लालबाग इला. भायखळा इला. क्रॉफर्ड मार्केटला मुंग्या आल्या, बाबा. अगदी तिथेच, गुडघ्याच्या मागे.

दोन तासांनी उठले तर डावा पाय जमिनीला लागल्याचं कळेना. मी कागद सरकवून दिला. म्हटलं, कड उतरती करून आणा, मग सही. कंपनीचा इंजिनीअर भला माणूस आहे. त्याने समजावलं की किलो-किलो वजन वाचतं म्हणून तिकीट परवडतं, आणि परवडतं म्हणून कणकवलीची एखादी म्हातारीही विमानात बसते. खरंच आहे ते. तुमच्या बसचं तिकीट तरी कुठे महाग होतं! मी म्हटलं, वजन वाढवू नका, अर्धा इंच कमीच करा, मी सांगते कुठे. त्याने वहीत लिहून घेतलं आणि मग स्वतःच त्या सीटवर जाऊन बसला, घड्याळाकडे बघत. आता ते बनवणाऱ्याला कळवतात की दुसऱ्या कुणा कॅप्टनला सहीला बोलावतात, देव जाणे.

इथपर्यंत तुम्हाला आवडलं असेल. पण निघताना खरेदी विभागातल्या बाईंनी, अगदी सहज, विचारलं, "मॅडम, सध्याच्या सीट्सच्या फाइलवरही तुमचीच सही आहे ना? तेव्हा तर मीटिंग वीस मिनिटांत आटोपली होती." मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? सहा वर्षांपूर्वी मी नुकतीच कॅप्टन झाले होते. एवढ्या मोठ्या लोकांनी टेबलाशी बोलावलं यातच मी खूश. फोटो बघितले, छान म्हटलं, सही केली, सँडविच खाल्लं. त्याच सीटांवर सहा वर्षं माणसं बसतायत, तुमच्याएवढी, त्या म्हातारीएवढी, आणि तुमचे लाल टाके असायचे तसं त्यांच्याखाली माझं नाव आहे. फरक इतकाच, की शिव्या कुणाला घालायच्या ते त्यांना कळायची सोय नाही.

तुमची उशी अजून माझ्याकडे आहे. रेक्झिनला तडे गेलेत, चेन मात्र चालते. हा कागद घडी करून तिच्यात सरकवून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? उद्या दुपारी माझी गोव्याची फ्लाइट आहे. दारं बंद झाली की मी माईक हातात घेऊन रोजच्यासारखं सांगेन, आरामात बसा. त्याआधी एक गोष्ट तुम्हाला सांगून टाकते, जी त्या बाईंना सांगायची हिंमत झाली नाही. त्या दिवशीही नमुन्याची सीट खोलीत ठेवलेली होती. मी जाऊन ती बघितली होती. हाताने दाबून, बाबा.