विहिणीशी थेट

४ मार्च, मंगळवार

आईला स्वतःचा शब्द नाही! एस्पेरांतोत, म्हणजे सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या त्या भाषेत, ‘पात्रो’ म्हणजे बाप. त्यात मध्ये ‘इन’ घुसवलं की ‘पात्रीनो’, म्हणजे आई. पोटात वागवायचं आम्ही, आणि शब्द बापाकडून उसना! मी मास्तरांना चांगलं सुनावलं – पण आपल्या भाषेत. वर्गात आपली भाषा तोंडातून निघाली की दहा मिनिटं गप्प बसायचं, असा नियम. मास्तर मूळचे घड्याळजी, त्यांची दहा म्हणजे दहाच. बसले मी तोंड शिवून.

७ मार्च

हे हसतात. “या वयात कसली खुळं!” खूळ नाही. लेक परदेशात, तिच्या सासूबाईंना आपली भाषा येत नाही, मला त्यांची. पण एस्पेरांतो त्यांना लहानपणापासून येते. पूर्वी फोनवर लेक मध्ये दुभाषी असायची. विहीणबाई पाच मिनिटं बोलल्या, की ही सांगणार, “नमस्कार म्हणताहेत.” एवढाच?

आणि गेले आठ महिने विहीणबाई फोनवर येतच नाहीत. “बाहेर गेल्यात, आई.” कायमच बाहेर? फोन लेकच करते, नंबर दिसत नाही; आवाज बसलेला, दोन मिनिटांत ठेवते. ती सुखात आहे ना, एवढंच मला विचारायचंय. मध्ये कोणी नको.

११ मार्च

कामावर, दवाखान्याच्या कापडखोलीत, मी कपाटांवर एस्पेरांतोतल्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या – वर, खाली, आत, मध्ये. आपण ‘कपाटावर’ म्हणतो, इथे ‘वर’ आधी आणि कपाट मागाहून! चादरी रचता रचता पाठ होत होतं. मेट्रनबाईंनी सगळ्या फाडल्या. “ही शाळा आहे का?” जसं काही चादरींना संसर्ग होणार होता.

१४ मार्च

‘ये’ नावाचं एक अव्यय सापडलं. दुसरं कुठलंच बसत नसेल तिथे हे घालायचं. मी पंधरा वाक्यांत पंधरा वेळा घातलं. मास्तर भडकले, “बाई, ते औषध आहे, जेवण नव्हे!” मग नियम केलात कशाला?

१८ मार्च

सासूला शब्द आहे, विहिणीला नाही. आमचं नातं काय आभाळातून पडलं? रागारागात मीच जोडला. ‘कुन’ म्हणजे सह – ‘कुनपात्रीनो’, सहआई. मास्तरांनी चष्मा पुसून कोश चाळला. “कोशात नाही. पण कोणालाही कळेल.” दोन महिन्यांतली पहिली शाबासकी.

२१ मार्च

पत्र टाकलं. सात ओळींना चार संध्याकाळी लागल्या. “माझी मुलगी बरी आहे का? माझ्याशी बोलायला तुम्हाला कमीपणा वाटतो का?” सरळ विचारलं.

हे भयंकर चिडले. “लेकीच्या संसारात काडी टाकतेस!” काडी मी टाकते? आणि आठ महिने तोंड फिरवून बसलेली ती बाई कोण मग?

१५ एप्रिल

उत्तर नाही. गर्विष्ठ बाई.

२३ एप्रिल

पत्र आलं. एकेक शब्द कोशात पाहिला, दोनदा पाहिला. अर्थ तोच निघतो.

“माझा मुलगा तिच्यावर हात उचलायचा. आठ महिन्यांपूर्वी मीच तिला घराबाहेर काढलं आणि दुसऱ्या गावात खोली घेऊन दिली. त्याच दिवशी तिने तुमच्या घरी फोन केला. तिचे वडील म्हणाले, ‘आता तेच तुझं घर, इथे येऊ नकोस. आईचंही तेच म्हणणं आहे.’ म्हणून मी तुमच्याशी बोलत नव्हते. ते तुमचं म्हणणं नव्हतं का?”

खाली लेकीचा नवा नंबर आहे.

हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचताहेत. आधी लेकीला फोन करते. त्यांच्यासमोरच.