पंचविशीतले बाबा

मुर्धा,
शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४. सकाळचे साडेसहा. आंघोळीचं पाणी चुलीवर ठेवून लिहायला बसलोय.

तीर्थस्वरूप पुंडलिककाकांना योगेंद्रचा नमस्कार.

तुम्ही आणि काकू सिल्व्हर पार्कला सुखरूप असाल. इकडे आई बरी आहे. मी भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला आहे, काम चालू आहे. बाबांची तब्येत जरा नरम आहे, म्हणून हे पत्र. खाडाखोड झाली म्हणून दुसऱ्यांदा उतरवून काढतोय.

बाबा भूक नाही म्हणतात. दिवसा झोपतात. ओट्यावर बसले की हाक मारली तरी मान वळवत नाहीत. मी आयुर्वेदाचं एक पुस्तक आणलं. अडलेले शब्द कारखान्यातल्या मुनिमांना विचारून ते दोनदा वाचलं. वात, पित्त, कफ अशा माणसांच्या प्रकृती आणि त्यांच्या खुणा त्यात आहेत. बाबांच्या सगळ्या खुणा कफाच्या निघाल्या. मग लिहिलं होतं तसं पथ्य सुरू केलं. भात बंद, दही बंद, बाजरीची भाकरी आणि सुंठेचं पाणी. काका, आपल्या घरात भात बंद केला आणि बाबा एका शब्दानं भांडले नाहीत. महिन्याभरात सदरा खांद्यावरून लोंबायला लागला.

तेव्हा मी घाबरलो. त्यांना भाईंदर पश्चिमेला वैद्य मृणालिनीबाईंकडे नेलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि मलाच झापलं.

"कफाचं पथ्य कुणी दिलं?"

"पुस्तकात बघून मीच. सगळ्या खुणा जुळल्या."

"अरे, प्रकृती जन्माबरोबर येते, ती बदलत नाही. तू बघतोयस तो बिघाड आहे. पंचविशीत कसे होते हे?"

मी बाबांकडे पाहिलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले होते. "बरं, हे असं कधीपासून?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, वय झालंय.

घरी येऊन आईला विचारलं. ती म्हणाली, "मी लगीन करून आले तवा ते नि तुझा काका मिठागरावरच रहायचे. घरी यायचे ते पावन्यासारखे. मना काय म्हायती?"

म्हणजे पंचविशीतले बाबा ज्यानं पाहिलेत असा माणूस आता एकच आहे. म्हणून विचारतो. तेव्हा ते भरभर चालायचे का सावकाश? खूप बोलायचे का? भूक वेळेवर लागायची का कधीही? थंडी सोसायची का? झोप गाढ होती का सावध? राग आला तर किती वेळ टिकायचा?

शेवटच्या प्रश्नाचा वेगळा अर्थ घेऊ नका, तोही वैद्यांनीच विचारलाय. नुसत्या कार्डावर उत्तरं लिहिलीत तरी चालेल. नाही आली तर मी पुन्हा लिहीन.

आपला पुतण्या,
योगेंद्र


मुर्धा,
रविवार, २७ नोव्हेंबर १९९४. दुपारचे दोन. जेवणं झाली आहेत. बाबा ओट्यावर आहेत आणि जागे आहेत.

तीर्थस्वरूप काकांना नमस्कार.

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. वर मायना नव्हता, खाली सही नव्हती, पण उत्तरं सगळी होती. मी ती आईला मोठ्यानं वाचून दाखवली. "वाऱ्यासारखा चालायचा. तोंडाची टकळी बंद नसायची. भुकेला नेम नव्हता. थंडी सोसत नसे. झोपला की कुंभकर्ण, मिठाची राखण मीच करायचो. राग घटकाभर. हल्लीचं माहीत नाही."

ओट्यावरून आवाज आला, "खोटं हाय."

आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"काय खोटं, बाबा?"

"झोपायचा त्यो! तोंडावर टोपली घेऊन. राखन मी केली. भरतीचं पानी बांधावरून आत आलं तवा जागा कोन होता? त्याच्या तंगडीला धरून त्याला वर ओढला कुनी? इचार त्याला!"

"नि भुकेचं?" आईनं हळूच विचारलं.

"भुकेचं बरोबर लिवलंय."

काका, दोन वर्षांत ते इतकं सलग बोलले नव्हते. मग कार्ड मागून घेतलं. त्यांना वाचता थोडंच येतं, पण तुमचं अक्षर ते ओळखतात.

काल पुन्हा वैद्यांकडे गेलो. त्या हसल्या. म्हणाल्या, "चालणं, बोलणं, भूक, थंडी, सगळं वाताचं. पण झोपेचं दोघं दोन सांगतायत. मी काय धरू? एकदा दोघांना माझ्यासमोर बसव." भात सुरू करायला सांगितला, गरम, वर तूप घालून.

निघताना त्यांनी परत विचारलं, हे कधीपासून? या वेळी मी बाबांच्या समोर सांगितलं. दोन वर्षांपूर्वी दोघा भावांचं शेत विकलं आणि काका घर सोडून गेले, त्या दिवसापासून. बाबा उठून जातील असं वाटलं होतं. ते बसून राहिले.

तुम्ही विकायला निघालात ते चूक, की त्यांनी सही केल्यावर तुम्हाला बोल लावले ते चूक, हे मला ठरवता येत नाही आणि ठरवायचंही नाही. मला बाबा बरे करायचेत. पुढच्या रविवारी, चार डिसेंबरला, सकाळी दहा वाजता मी रिक्षा घेऊन तुमच्या दारात येईन. बाईंनी आपल्यासाठी दवाखाना उघडा ठेवायचं कबूल केलंय. तुम्ही नाही म्हणालात तर जिन्यात बसून राहीन. काकूंना चहा ठेवायला लागेल, एवढाच त्रास.

हे मी बाबांना सांगितलं. म्हणाले, "येनार न्हाय त्यो." थोड्या वेळानं आणखी काही म्हणाले, ते खाली लिहिलंय.

खर्च: पुस्तक बारा रुपये, वाया गेले. वैद्यांची फी दोन वेळची चाळीस. पोस्टाचे दोन. सगळं माझ्या पगारातून झालं, कुणाचं देणं नाही.

येणं: मिठाच्या शेवटच्या होडीचे तेवीस रुपये बाबांना तुमच्याकडून यायचे आहेत. ते म्हणाले तसंच लिहितो: "मनीऑर्डर करू नको म्हनावं त्याला. हातात आनून दे."

तुम्हां दोघांचा,
योगेंद्र