कोर्टात गेलेले मणके

ती. अप्पा,

आज माझ्या वर्गात मुली एकमेकींच्या पाठीवर स्केचपेननं मणके काढत होत्या. तुम्ही आज असायला हवे होतात.

अठ्ठ्याण्णव साली मी फिजिओथेरपीला गेले, तेव्हा तुम्ही केशवापूरभर "पोरगी डॉक्टरी शिकते" म्हणून सांगत होतात. घरात मात्र, "मालीशच की ते!" तरी परीक्षेआधी मणके काढायला पाठ माझ्या हवाली केलीत आणि सकाळी घाईत न पुसता तसेच कोर्टात गेलात. बाररूममध्ये काळा कोट काढलात, तर घामानं पांढऱ्या शर्टावर निळे मणके उमटलेले. सगळे वकील हसले. तुम्ही म्हणालात, "मुलगी फिजिओथेरपी शिकते. तिचा अभ्यास आहे तो."

हे तुमच्या कारकुनानं आधीच येऊन सांगितलं. आता रागावणार, म्हणून मी स्वयंपाकघरातून बाहेरच आले नाही. तुम्ही आलात, शर्ट काढून पाठमोरे बसलात.

"ये गं उत्तरा. आज काय काढायचं?"

तुमची,
उत्तरा