सगळ्यांच्या शेवटी जेवणारा कुलगुरू

प्रिय भास्करदादा,

मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीत यायची, तेव्हा तू मेहकरच्या स्टँडवर सायकल घेऊन उभा असायचास. "बसा मॅडम," म्हणून चिडवायचास. तोच तू ब्रिगेडियर झालास आणि निवृत्तीनंतर कुलगुरू. तुझ्या मोठेपणाची मला सवय झाली होती. पण परवा तुझ्याच विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या नातीचा, समीक्षाचा, फोन आला.

"आजी, मामाआजोबा मेसमधी सगळ्यायच्या मागून जेवतात. काल भाजीच उरली नाही त्यायले. मी म्हटलं, आधी घेत काऊन नाही? तर म्हणे, फौजेत अधिकारी शेवटीच जेवते, पोरी."

फोन ठेवून मी कितीतरी वेळ हात जोडून बसले होते.

उद्या माझं हृदयाचं ऑपरेशन आहे आणि उद्याच तुझा दीक्षान्त समारंभ. कळलं तर तू व्यासपीठ सोडून येशील, म्हणून हे पत्र पाठवत नाही, उशीखाली ठेवते.

मी परतले नाही, तर पाटल्या सुनेला आणि माझी इंग्रजी पुस्तकं समीक्षाला द्यावीत. दुसरबीडचा भाजीचा मळा तुझ्या मेसला. तुला वेगळं काही ठेवत नाही, तू ते वाटून टाकशील. शेवटच्या ताटालाही पुरेल एवढी भाजी लावायला मात्र गड्याला सांगून ठेवलं आहे.

तुझी,
सुलू