चुलीपाशी मास्तरच्या बाटल्या

१२ ऑक्टोबर १९७७
— आणि वर म्हणतो, चूल जास्त पेटवू नका! माझी चूल, विकायच्या कडक भाकऱ्या माझ्या, आणि हा भाडेकरू शरणप्पा मास्तर मला सांगणार? कॉलेजला सुट्टी म्हणून ह्याच्या दोन बाटल्या माझ्या चुलीपाशी, कोमट पाण्यात. पातेलंबी माझंच! बायको गेल्यापासनं मागच्या खोलीत ठाण मांडलंय. खोली सोडा म्हटलं, तर म्हणतो, "बाटलीतलं पाणी पिवळं झालं की जातो. पुण्याचं काम त्यावरच अडलंय."
व्हय बाबा, हू दे पिवळं लवकर!

१५ ऑक्टोबर
काय हाय त्यात, विचारलं. फॉस्फेटचं एस्टर म्हणे. पिकावर फवारायचं विष असतंय, त्याच्या जातीचं. आपणहून तुटता तुटत न्हाय. आपल्या अंगातली एन्झाइमं झटक्यात तोडतात. हा कोबाल्ट धातूचं नकली एन्झाइम करतोय. तुटलं की पाणी पिवळं.
"म्हंजे विरजण की! थेंबभर घातलं, पातेलंभर काम."
"तसंच, अक्का."
अक्का! माझ्याच वयाचा घोडा. शिवबाई म्हणा म्हटलं.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी
तवा, काटवट, उलथणं — सगळ्यांना हळद वाहिली. मास्तरचं हत्यार तेवढं का उपाशी? बुचं काढून बाटल्यांच्या तोंडालाबी लावली.
संध्याकाळी हा नाचतोय! "शिवबाई, पिवळं!" मग दुसरी बाटली उजेडात धरून बघितली. दुसऱ्या बाटलीत कोबाल्ट न्हायच, मग ती पिवळी कशी?
"हळद हाय ती."
वाटलं, आता ओरडतोय. तर खाली बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मीबी. एवढी कधी हसले हुते, आठवत न्हाय.

२१ ऑक्टोबर
नव्या बाटल्या. बुचाला हात लावायचा न्हाय म्हणे. लावत न्हाय की!

२८ ऑक्टोबर
अजून पांढरंच. बरं झालं — म्हंजे वाईट झालं. चूल मंद ठेवली, भाकऱ्या मऊ पडल्या, गिऱ्हाईक परत गेलं. शेजारची तानाबाई म्हणते, "भाकरी भाजतीस का बाटल्या उबवतीस?" तिला काय करायचंय!

३ नोव्हेंबर
झालं. कोबाल्टवालीच पिवळी, लिंबागत. दुसरी पांढरी. मास्तरनं पेढे आणले, लगेच ट्रंक काढली. लई चांगलं झालं म्हटलं. तव्यावरची भाकरी करपली.

४ नोव्हेंबर
मीच बोलले. "शरणप्पा, तुमीबी एकटं, मीबी. आपल्यात विधवेची उडकी हुतीया, दुसऱ्या लग्नाला कुणी नावं ठेवत न्हाय. पुण्याला चला म्हणा, न्हायतर हितं ऱ्हावा. करता का माझ्याशी? सोमवारपर्यंत सांगा. मंगळवारी आलात तर दार उघडणार न्हाय!"