काचेवरची टिकली

आई, त्या गड्याच्या नदीचं पाणी परवा उतरलं. कोणता गडी, असं तू विचारशील. आपल्या टीव्ही गेममधला गं, टोपीवाला, पाठीवर पिशवी घेऊन नुसता चालत सुटलेला. "ह्यो जेवतो कवा?" असं तू ज्याच्याबद्दल विचारलं होतंस, तोच. तुला जाऊन अठरा वर्षं झाली. मी हे भोरच्या घरात, ओट्याशी उभी राहून, गॅसवर दूध ठेवून लिहितेय. दूध उतू जाणार हे मला माहीत आहे, कारण माझं लक्ष तिकडे नाही. घाई आणि धांदल दोन्ही अजून तशाच आहेत, आणि तुझी नात या बाबतीत माझ्या वरताण निघाली आहे.

गेम तूच आणला होतास. मी तेव्हा सातवीत. तू भोरच्या बाजाराला नवा हंडा घ्यायला म्हणून गेलीस आणि संध्याकाळच्या एसटीतून उतरलीस ती काखेत खोकं धरून. हंडा कुठाय, असं आजीनं विचारल्यावर तू म्हणालीस, "जुना चालतोय की अजून." जुना चालत नव्हता, गळत होता. पुढचं वर्षभर तू त्याच्या बुडाला साबण लिंपून विहिरीवरून पाणी आणलंस आणि घरी येईपर्यंत तुझा खांदा भिजलेला असायचा. मला ते रोज दिसायचं. पण गुंजवणी नदीजवळच्या आपल्या वाडीत टीव्ही गेम असलेलं घर एकच होतं, ते आपलं, आणि त्या तोऱ्यात मला तुझ्या खांद्याचं काही वाटत नव्हतं. आज वाटतं. फार वाटतं.

गेम मात्र अगदी भिकार होता. परवा पुन्हा बघितला तेव्हा आपण यापायी शाळा बुडवली होती यावर माझाच विश्वास बसेना. गडी शिडी चढता चढता भिंतीत अडकतो. वरून एक पाखरू येतं आणि दिसायच्या आधी टोचून जातं. मेला की सगळं पहिल्यापासून. झोपडीबाहेर एक म्हातारा उभा असतो, तो हात हलवून काहीतरी सांगतो, पण त्याचं बोलणं म्हणजे पडद्यावर नुसते चौकोन आणि काड्या. मधेच चित्र गोठायचं, मग मी कॅसेट उपसून तिच्यात जोरात फुंकायचे. तू मागून म्हणायचीस, "चूल हाय का ती?"

तू माझ्या मागं भिंतीला टेकून बसायचीस, मांडीवर सूप घेऊन. "त्यो म्हातारा काय म्हंतोय?" असं हमखास विचारायचीस. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे त्याचे चौकोन मला तरी वाचता येत असतील अशी तुझी समजूत. मी काहीबाही ठोकून द्यायचे. मामाची पत्रंसुद्धा मीच तुला वाचून दाखवायचे ना, तसंच. मामानं 'पोरीला टीव्हीपुढून उठवत जा' असं लिहिलेलं असलं की ती ओळ मी सरळ गाळायचे. तू क्षणभर माझ्या तोंडाकडे बघायचीस आणि म्हणायचीस, "आज पत्र लवकर संपलं." पत्राची घडी करून डब्यात ठेवायचीस.

मग ती नदी आली. तीन आठवडे मी तिच्या काठाशी अडकले होते. गडी उडी मारतो, बुडतो. पळत येऊन उडी मारतो, तरी बुडतो. पूल नाही, होडी नाही, मागे जावं तर वाट बंद. श्रावणातला एक रविवार होता. बाहेर धो धो पाऊस, शेळ्या गोठ्यात, आणि तू तांदूळ निवडत बसलेली. मी सात-आठ वेळा बुडवला तेव्हा तुझ्यानं राहवेना.

"आगं, पान्याला जोर हाय. थांब की जरा. उतरंल."

आपल्या वाडीत पावसाळ्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही. वाडी आणि रस्ता यांच्या मधे ओढा. शाळेला निघालं आणि ओढा फुगलेला असला की तू पाण्याच्या अगदी कडेला एक दगड ठेवायचीस आणि मला घेऊन काठावर बसायचीस. दगड बुडाला तर घरी परत. पाणी दगडापासून हातभर मागं सरलं तर माझं दप्तर डोक्यावर घेऊन तू पुढे, तुझा पदर धरून मी मागे. तोवर पाण्यात पाऊल टाकायचं नाही, शाळेची घंटा होवो नाहीतर परीक्षा बुडो. त्या दगडाशी मी कितीदा चिडून रडले असेन.

त्या रविवारी तू उठून टीव्हीपाशी आलीस. कपाळावरची टिकली काढलीस आणि काचेवर, पाणी जिथं काठाला लागत होतं बरोबर तिथं, चिकटवलीस. आपल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर तेवढाच एक लाल ठिपका. "दगड ठिवलाय. आता हात लावू नगंस," म्हणालीस आणि पुन्हा सुपाकडे वळलीस. तुझी मान खाली, बोटं तांदळात. मी हात मांडीवर ठेवून बसले. किती वेळ, कुणास ठाऊक. मग मी बटण दाबलं, गडी बुडाला, आणि मी तुझ्यावर ओरडले. "ही काय गुंजवणी हाय व्हय उतरायला? तुला लिवता येत न्हाई, वाचता येत न्हाई, आन् मला शिकवतीस!" टिकली काचेवरून ओरबाडली आणि तुझ्या सुपात फेकली.

तू खडा वेचावा तशी ती तांदळातून वेचलीस. उठून दाराच्या चौकटीला लावून ठेवलीस. "तोंड लई सुटलंय तुजं," एवढंच म्हणालीस, तेही हळू आवाजात. पुढच्या बाजाराला मी ती कॅसेट दुकानात परत दिली, खराब आहे म्हणून सांगितलं आणि मोटारींची घेऊन आले. मोटारींचा खेळ बघायला तू एकदाही येऊन बसली नाहीस. कामं असायची, खरंच असायची. पण त्या आधीही असायचीच की.

परवा तुझ्या नातीनं तो गेम कुठूनसा शोधून लॅपटॉपवर चालू करून दिला. मला वाटलं, बघू, हात अजून चालतो का. दुपारभर बसले आणि बरोबर त्याच नदीपाशी येऊन बुडाले. ती मोबाईलवर शोधायला लागली आणि हसत सुटली. जगभरच्या लोकांनी हा गेम करणाऱ्याला शिव्यांची लाखोली वाहिली आहे म्हणे. नदीपाशी आलं की काही करायचंच नाही. चार-पाच मिनिटं एकही बटण न दाबता नुसतं बसायचं. मधे चुकून हात लागला तर पाणी पुन्हा वर. तो म्हातारा त्याच्या भाषेत हेच सांगत असतो, पण आपल्याकडे आलेल्या कॅसेटमध्ये त्याची अक्षरं बिघडलेली होती. "असा कसला गेम, मम्मी? नुसतं बसायचं?" तिनं विचारलं.

मी आरशावरची एक टिकली काढली आणि लॅपटॉपच्या पडद्यावर, पाण्याच्या कडेला लावली. लेक माझ्याकडे बघतच राहिली. मी हात मांडीवर घेऊन बसले. पाणी उतरलं, आई. टिकली कोरड्या काठावर राहिली आणि गडी आपला चालत पलीकडे गेला. "तुला कसं माहीत, टिकली लावायची?" लेकीनं विचारलं. मी म्हटलं, "आजीनं सांगितलं होतं, पण मला ते आज कळलं." तिला ते पटलं. मला रडू फुटलं, तेव्हा ती मला जवळ घेऊन बसली.

दूध उतू गेलं. गॅस पुसून आले. एक गोष्ट लिहायची राहिली आहे. लेकीला सांगितलं ते खरं नाही, मला ते परवा कळलेलं नाही. त्या रविवारी तू खाली मान घालून तांदूळ निवडत होतीस तेव्हा टिकलीच्या खाली पाणी सरकलं होतं. पेरभर. मला स्पष्ट दिसलं. तुझं खरं ठरणार हे दिसलं, आणि म्हणूनच मी बटण दाबलं.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तू असतीस तरी ते मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि बटणाच्या त्या ओळीशी आले असते तेव्हा मी ती गाळली असती. तू माझ्या तोंडाकडे बघितलं असतंस आणि म्हणाली असतीस, "आज पत्र लवकर संपलं."