आगपेटीतली थोरली

लिएपीने, लिथुआनिया
१४ मे १९३५

चि. बार्बोरा हिस उर्शुले आजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण त्याचं त्याच्यापाशी.

आधी अक्षर बघ. सुरेख आहे ना? आजवर माझी पत्रं चर्चमधला ऑर्गनवाला लिहायचा आणि दर पानाला एक पेला मागायचा. म्हणून तर गेल्या वर्षी तुला कळलं की आपली गाय लग्नाला गेली आणि मावशी व्यायली. आताचं हे अक्षर तुझ्या नव्या काकूचं. ईस्टरनंतर विंचासने तिला घरात आणली. दोमित्सेले तिचं नाव, शाळेत मास्तरीण आहे. पेला मागत नाही. अडचण एवढीच की मला गाऱ्हाणं सांगायचंय ते तिचंच, आणि लिहायला बसलीय तीच. जे सांगेन ते जसंच्या तसं लिहीन असा शब्द दिलाय तिने. तर लिही गं: हिने माझा मिठाचा डबा चुलीशेजारून उचलून खिडकीत नेऊन ठेवला. मी या घरात आल्या दिवसापासून तो चुलीशेजारी होता. (खिडकीत मीठ कोरडं राहतं. — दो.) पाहिलंस, मध्ये बोलते.

बरं, मनसोक्त भांडावं तर तेही नाही. पेट्यांजवळ भांडायचं नाही, भांडकुदळ घरात मधमाश्या टिकत नाहीत, हे तिलाही तिच्या आईने शिकवलेलं. आणि पेट्या तर अंगणभर. म्हणून आम्ही भांडायला तळ्याकाठी चालत जातो. पोचेपर्यंत निम्मा राग ओसरतो, आणि येताना गुडघ्यापायी मला तिचाच हात धरावा लागतो. ही काय भांडायची रीत झाली?

आता ज्यासाठी पत्र घातलं ते. विहिरीजवळच्या पेटीतली थोरली राणी तुला आठवते ना? तिच्या पाठीवर तू नखांचा लाल रंग लावून ठेवला होतास. माझ्या आईने मला सासरी पाठवताना पोकळ ओंडक्यातलं पोळं बरोबर दिलं होतं, ही त्याच वंशातली. तिचं आता वय झालंय. अंडी कमी घालते, पोळ्याच्या चौकटी रिकाम्या, आणि माश्या अशा चिडक्या झाल्यात की रविवारी पाद्रीबाबांच्या नाकाला डसल्या. त्यांनी सगळं प्रवचन नाकातून केलं. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळं चर्च जागं होतं.

तू तिथे राण्या वाढवायचं काम करतेस. काय करायचं ते कळव. लोभ आहे तेवढा पुरे, त्यात घट मात्र होऊ देऊ नकोस.

तुझी आजी, तिची फुली ×

*

कौनास
२३ मे १९३५

ती. आजीस बार्बोराचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की घरमालकीण विचारायला वर आली. दोमित्सेलेकाकू, तुझं अक्षर खरंच सुरेख आहे. आणि मीठ खिडकीतच ठेव, मात्र हे वाक्य वाचून दाखवू नकोस.

आजी, थोरली थकली. यात तिचा दोष नाही. मी टपालाने एक तरणी राणी पाठवतेय. लाकडी पिंजरा आहे, काडेपेटीहून जरा मोठा. आत राणी, तिच्या चार-सहा दासी, आणि दाराला साखरेचं बूच. पेटीतल्या माश्या बाहेरून साखर खात खात दार उघडतील. तोवर तिचा वास त्यांच्या अंगवळणी पडेल आणि त्या तिला आपली मानतील.

पण त्याआधी थोरलीला शोधून चिमटीत दाबून टाकायला हवं. वाईट वाटेल, ते मला ठाऊक आहे. पण त्याला इलाज नाही. एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत. थोरली आत असेल तर माश्या नवीला गराडा घालून मारतील, किंवा दोघी एकमेकींना. नवी आली की जुनीने जायचं, असंच असतं ते. उशीर करू नकोस.

पिंजरा उन्हात ठेवू नका. तुझी आठवण येते, आणि तुझ्या राईच्या पावाची त्याहून जास्त.

लोभाची मागणी नेहमीचीच, पावाची जादा.

तुझी बार्बोरा

*

लिएपीने
११ जून १९३५

चि. बार्बोराला आशीर्वाद. वि. वि.

तुझी राणीसाहेब पोचली. पोस्टमन सायकल हातात धरून चालत आला, पिंजरा लांब दांडीला बांधलेला, जणू चोरलेली कोंबडी परत करायला आलाय. अर्धं गाव बघायला जमलं. बाई देखणी आहे, सोनेरी, कमरेत बारीक. मठातल्या शाळेत शिकलेली मुलगी दिसते. दासी तिला भरवत होत्या. तेवढ्यात विंचास म्हणाला की आपल्यालाही कुणीतरी असं भरवावं. आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं, तसा तो गवत कापायला निघून गेला.

मग थोरलीला शोधलं. दोमित्सेलेने विंचासची हॅट घातली, हॅटवरून खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि चौकटी धरून उभी राहिली. हात जरासुद्धा हलला नाही, हे मी कबूल करते. (हे त्यांनी दोनदा सांगितलं, मी एकदाच लिहिलं. — दो.) थोरली सापडली. लाल ठिपका पुसट झालाय. चालत होती हळू, पण माश्या तिला अजून वाट करून देत होत्या. मी तिला चिमटीत धरलं.

मग दोमित्सेले म्हणाली की एकदा पत्र पडताळून घेऊ. तिने ते मोठ्याने वाचलं: एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत, नवी आली की जुनीने जायचं. वाचून झाल्यावर तिने पडद्याआडून माझ्या चिमटीकडे पाहिलं. मीही पाहिलं.

तर ते काम झालं. नवी पेटीत आहे.

आता सहज विचारते. समजा, एखाद्या बाईची एखादी राणी काही दिवस आगपेटीत राहिली, तर तिला खायला काय द्यावं? सहजच.

लोभात कमी-जास्त झालं तर पोस्टमनला धर, मला नको.

आजी ×

ता. क. बार्बोरा, सासूबाई जे सांगतात तेवढंच मी लिहिते. आगपेटी त्यांच्या एप्रनच्या खिशात आहे हे लिहू नकोस म्हणाल्या, म्हणून ते लिहीत नाही. आगपेटीत मधाचा थेंब आणि चार दासी मी घातल्या, हे त्यांना माहीत नाही. आपल्यात मधमाशी मरत नाही, माणसासारखी वारते. तिला बागेत पुरतात. आजवर मी कुणा वारणाऱ्याला चिमटीत धरलेलं पाहिलं नव्हतं. — दो.

*

कौनास
१८ जून १९३५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

आजी, एप्रनच्या खिशात राणी ठेवून तू चुलीपुढे बसतेस? चर्चला जातेस? रविवारी कुणाला मिठी मारलीस तर?

ऐक. तिला पेटी हवी. माश्या असलेली, पण राणी नसलेली. आपल्या अंगणात तिला आता जागा नाही. जवळपास कुणाची राणी गेलेली असेल तर तिथे दे. नाहीतर ती आगपेटीतच जाईल, आणि तुझ्या आईचा वंश तिथेच संपेल. मी पाठवलेल्या तरणीचा वंश वेगळा.

दुसरं म्हणजे, परवा विंचासकाका बाजाराला आला होता, तो माझ्या खोलीवर डोकावला. तू येता हिवाळा इथे माझ्याकडे काढावास असं त्याच्या मनात आहे. आणि हिवाळ्यानंतरही. म्हणाला, एका स्वयंपाकघरात दोघी म्हणजे सगळ्यांनाच त्रास. दोमित्सेलेकाकू, तुझ्याशी बोलूनच ठरवलं असेल त्याने. आजी, खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, उबदार आहे, मला तर तू हवीच आहेस. पण जिन्याला कठडा नाही आणि अंगण तर मुळीच नाही. तुला काय वाटतं ते मोकळेपणी सांग.

लोभाचा विषय नंतर. आधी खिसा रिकामा कर.

तुझी बार्बोरा

*

लिएपीने
३ जुलै १९३५

चि. बार्बोराला आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोमित्सेले चुलीपाशी वाचत होती. विंचासच्या बेताशी आली आणि थांबली. तिला त्यातलं अक्षरही माहीत नव्हतं. विंचासने ते एकट्याच्या डोक्याने ठरवलेलं होतं, आणि एकट्याच्या डोक्याने तो जे ठरवतो ते तसंच असतं. गेल्या साली त्याने डुकरांना तळघरात ठेवायचं ठरवलं होतं.

तिने पत्राची घडी केली, एप्रन काढून ठेवला, आणि त्याला तळ्याकाठी चल म्हणाली. पेट्यांसमोरून जाताना दोघं अगदी हसतमुख, पाद्रीबाबांना भेटायला निघाल्यासारखी. मी गोठ्याच्या कोपऱ्यावरून ऐकत होते, तळ्यावरून आवाज लांब येतो. गुडघा त्या दिवशी दुखत नव्हता. ती त्याला म्हणाली, "आई कुठेही जाणार नाहीत. जायचंच झालं तर मी आणि त्या, अशा दोघी जाऊ, आणि मिठाचा डबा घेऊन जाऊ."

(मी 'सासूबाई' म्हणाले होते. — दो.) (नाही, 'आई' म्हणाली. माझे पाय थकलेत, कान नाहीत. हेही लिही.)

विंचास परत आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. काय झालं ते दोघांपैकी कुणी सांगत नाही. पाण्यात कुठली मासळी बघायला वाकला असेल.

आता थोरलीचं. शेजारच्या मोतेयुसच्या कोंबड्याने माझा कांद्याचा वाफा उकरला, तेव्हापासून मी मोतेयुसशी बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. मोठ्या निगुतीने जपलेलं भांडण होतं ते. तर त्याच्या पेटीतली राणी सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास वारली. राणी नसलेली पेटी कशी कण्हते तू ऐकलंयस. कुंपणापलीकडून ते रोज कानावर यायचं, आणि माझ्या खिशात राणी.

पण आपल्यात मधमाश्या विकत नाहीत. दिल्या-घेतल्या की दोन घरं पोळ्याची सोयरी होतात. सोयऱ्याला वाईट बोलायचं नाही, मध काढला की एका पाटावर बसून खायचं. म्हणजे थोरली वाचवायची तर माझं भांडण जाणार. मी दोन दिवस विचार केला. मग दोमित्सेलेने माझ्या खिशावर नुसता हात ठेवला आणि म्हणाली की आत अजून गुणगुण आहे.

थोरली तुझ्या राणीच्याच पिंजऱ्यातून गेली, साखरेचं बूचसुद्धा तसंच, नवं भरून. म्हातारी तरणीच्या गाडीतून सासरी. मोतेयुसने टोपी काढून पिंजरा घेतला. आता तो मला 'सोयरेबाई' म्हणतो आणि रोज काकड्या आणतो. त्या काकड्या वाकड्या आहेत असं म्हणायला जीभ शिवशिवते, पण म्हणता येत नाही. सोयरेपण म्हणजे तोंडाला कुलूप.

मी येत नाही, बाळ. कठडा असता तरी आले नसते.

लोभ ठेव, तोही तिसऱ्या मजल्यावर नको, खाली आण.

आजी ×

*

कौनास
१० जुलै १९३५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

गोठ्याच्या कोपऱ्याला आणि तुझ्या कानांना माझा नमस्कार. दोमित्सेलेकाकू, तू 'आई' म्हणालीस असं मीही धरून चालते.

विंचासकाकाला सांग, माश्या शरदात सगळ्या नरांना पेटीबाहेर काढतात. पंख धरून, ओढत. हिवाळ्यात नुसतं बसून खाणारं कुणी त्यांना नको असतं. त्याला मी हे काही सुचवायला सांगत नाहीये, शास्त्र म्हणून सांगतेय.

मागच्या एका पत्रात मी फटकन लिहून गेले की नवी आली की जुनीने जायचं. मी राण्यांबद्दल लिहीत होते, आजी. फक्त राण्यांबद्दल. तरी ते वाक्य मला परत हवंय, पण टपालात टाकलेलं परत मिळत नाही.

लोभ असाच, सगळ्या मजल्यांवर.

तुझी बार्बोरा

*

लिएपीने
८ सप्टेंबर १९३५

चि. बार्बोराला आशीर्वाद. वि. वि.

एक शास्त्र तुलाही विचारायचंय. काल मोतेयुसकडे मध काढला. पाट मांडला, काकड्या मधात बुडवून खाल्ल्या, त्यातली एक सरळ निघाली आणि मी तिचं कौतुक केलं. विंचास न सांगता लाकडं फोडत होता. तू शास्त्र कळवल्यापासून तो सारखी लाकडं फोडतो. तीन हिवाळे पुरतील एवढी झाली, तरी थांबत नाही.

तर दोमित्सेलेने पडदा ओढून थोरलीची पेटी उघडली. मधल्या चौकटीवर थोरली, पुसट लाल ठिपक्यासकट. आणि तिच्या शेजारी, त्याच चौकटीवर, दुसरी राणी. ठिपका नसलेली, तरणी, लांब. एक अंडं हिचं, एक तिचं. दोघी एकमेकींच्या अंगावरून अशा जात होत्या जशा आम्ही दोघी चुलीपुढून जातो, कोपर न लागता.

मोतेयुसने डोळे चोळले. मी दोमित्सेलेला विचारलं, तुलाही दोन दिसतायत का? तिने पडदा वर केला आणि पुन्हा मोजलं. दोनच. वाक्य तुझंच होतं ना, की नांदत नाहीत? तर या नांदतायत. तुझ्या पुस्तकाला विचार. (मी शाळेतल्या पुस्तकाला विचारलं. मोजक्या शब्दांत दिलंय: माश्यांनी स्वतःच थोरलीच्या लेकीला वाढवलं असेल, तर आई आणि लेक काही काळ एकाच पेटीत अंडी घालतात, कधी कधी बराच काळ. तू पाठवलेली राणी परकी होती. ही तिची आपली लेक. सासूबाई म्हणतात, परकीचं आपली व्हायला वेळ लागतो, पण लागतो तेवढाच. — दो.) 'आई' लिही.

(आई म्हणतात.)

आता मुख्य बातमी. दोमित्सेले मला अक्षरं शिकवते म्हणाली. मी नको म्हटलं. मी शिकले तर तिला माझं गाऱ्हाणं लिहायला कोण बसवणार, आणि मध्ये बोलायला तिला जागा कुठे उरणार? पत्राच्या दिवशी आम्ही चहा करतो, दार लावतो, आणि विंचासला आत येऊ देत नाही.

मिठाचं ठरलं. आता दोन डबे आहेत. एक चुलीशेजारी, एक खिडकीत. सूप तिच्या बाजूने गेलं की ती घालते, माझ्या बाजूने आलं की मी घालते. कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून भांडण नाही. तळ्यापर्यंत जातो अजून, पण नुसत्याच, सवय म्हणून.

विंचास जेवताना आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघतो. बिचारा सूप संपवतो, विहिरीवर जाऊन बादलीभर पाणी पितो, आणि लाकडं फोडायला लागतो.

लोभ घरात दोन डब्यांत आहे. येशील तेव्हा चाखून बघ, आणि पाणी पिऊन ये.

तुझी आजी ×

आणि तिची सून, दोमित्सेले